पुस्तकाला तिथी हवी

पाथर्डी तालुक्यात तिथीवाचून काही हलत नाही. मोहटादेवीचं नवरात्र ठरलेलं, मढीच्या कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ठरलेली आणि त्याच यात्रेतला गाढवांचा बाजारही ठरलेला. आपण कोणत्या पंधरवड्यात विकले जाणार, एवढं तरी इथल्या गाढवाला पंचांगावरून सांगता येतं. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. पेरणी, काढणी, लग्नं, जावळं, सगळ्याला वेळ नेमलेली आहे. या व्यवस्थेत वाऱ्यावर सोडलेली वस्तू एकच, ती म्हणजे पुस्तक. ते ‘सवड मिळाली की’ वाचायचं असतं, आणि सवड नावाचा दिवस आजवर एकाही पंचांगकर्त्याला सापडलेला नाही. माझं म्हणणं असं, की ज्या पुस्तकाला तिथी असते तेच वाचून होतं. आणि तिथी लावायचीच तर आपल्याकडे नाताळचा आठवडा त्याला सगळ्यांत सोयीचा आहे. हे म्हणणं ऐकून पाथर्डीच्या पेठेत कोणीही हसेल. हसून झाल्यावर पुढचं ऐकावं.

सुरुवात दिवाळी अंकापासून करू, कारण मराठी माणसाचं तारीख लावलेलं वाचन म्हटलं की तोच पुढे येतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक 1909 साली काढला, तेव्हापासून शंभराहून जास्त दिवाळ्या हा प्रकार टिकला आहे. इंग्रजी मासिकांचे नाताळ अंक पाहून ही कल्पना सुचली असं सांगतात. ते खरं धरलं, तर त्या अंकाची तारीख आपण फक्त दोन महिने अलीकडे ओढली, आणि घोळ तिथेच झाला. दिवाळीत वाचतो कोण? वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत घरातली प्रत्येक स्त्री कढईपुढे असते, प्रत्येक पुरुष कढईतून काय निघतंय त्याच्यापुढे असतो आणि मुलं अंगणात कानाला दडे बसवत असतात. अंक धनत्रयोदशीला घरात येतो, पाहुण्यांना दिसेल असा ठेवला जातो आणि पाडव्याच्या दिवशी त्यावर चिवड्याची वाटी टेकते. ग्रंथालयांनी हे केव्हाच ओळखलंय. म्हणून त्यांच्या दिवाळी अंक योजना पुढे दोन-तीन महिने चालतात आणि चांगल्या अंकाचा नंबर लागेपर्यंत डिसेंबर निम्मा सरतो. म्हणजे आपण दिवाळी अंक नाताळातच वाचतो, फक्त कबूल करत नाही. त्यावेळी थंडी पडलेली असते, रात्र लांब असते, रानात हुरडा आलेला असतो. हुरडा आणि अंक एकाच वेळी हाताळायचा प्रयत्न मात्र करू नये. पुढच्या सभासदाला राखेनं काळवंडलेल्या पानातून खुनी शोधावा लागतो. शिवाय थ्री फेजची पाळी रात्रीची आली की कांद्याला पाणी द्यायला माणूस जागाच असतो, आणि एक वाफा भरून दुसऱ्यात पाणी वळवेपर्यंत एक छोटी कथा आरामात होते.

कोणी म्हणेल, हा सगळा कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यांचा लाड झाला, गावात त्यांची संख्या किती? मग गावाचंच वाचन पाहू. वर्षातला सगळ्यांत जास्त वाचनाचा काळ शोधायला निघालात तर श्रावणाच्या खालोखाल मार्गशीर्ष लागतो, आणि मार्गशीर्ष बहुतेक वेळा डिसेंबरातच येतो. दर गुरुवारी घराघरात महालक्ष्मीच्या व्रताची पुस्तिका वाचली जाते. दत्तजयंतीला संपेल अशा बेतानं गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. 2023 साली दत्तजयंती 26 डिसेंबरला होती, म्हणजे त्या वर्षी सात दिवसांचं पारायण आणि नाताळ एकाच आठवड्यात नांदले, आणि दोघांचंही काही बिघडलं नाही. गुरुचरित्राची शिस्त बघा. वेळ एक, आसन एक, मध्ये उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, कोणत्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत पोचायचं तेही ठरलेलं. आज शहरात वाचनाची सवय कशी लावावी यावर शिबिरं भरतात आणि तज्ज्ञ मंडळी फी घेऊन हेच नियम सांगतात, फक्त सोवळ्याच्या जागी मोबाइल दूर ठेवायला लावतात. पाथर्डीनं तर याहून पुढची पायरी गाठली आहे. आचार्य आनंदऋषीजी याच तालुक्यातल्या चिचोंडीचे, आणि तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झालं ते पाथर्डीत. धर्मग्रंथ वाचा आणि ठरल्या दिवशी परीक्षा द्या, अशी सोय जिथे निघाली, त्या गावाला तारखेनं वाचण्याचं कौतुक बाहेरून आणावं लागत नाही. यावर विद्वानांचा एक आक्षेप ठरलेला आहे: पारायण म्हणजे वाचन नव्हे, शेवट आधीच ठाऊक असलेली पोथी पुन्हापुन्हा ओढण्यात बुद्धीचं काय काम? पण मग चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’चं काय करायचं? कंजूस स्क्रूज शेवटी सुधारतो हे इंग्लंडातल्या पोराबाळांना ठाऊक आहे, तरी दर नाताळात ते पुस्तक निघतंच. स्वतः डिकन्स 1853 पासून ही गोष्ट व्यासपीठावर उभा राहून लोकांना वाचून दाखवायचा, आवाज बदलायचा, सभा हसवायचा, रडवायचा. आपल्याकडे जन्मला असता तर त्याला सप्ताहाची सुपारी मिळाली असती आणि काल्याचं कीर्तनही त्याच्याच नावावर लागलं असतं.

आता मुख्य आक्षेप: नाताळ हा साहेबाचा सण, त्याचं आपल्याला काय? हा आक्षेप नगर जिल्ह्यात घेतला जावा याची गंमत वाटते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीच्या थांब्यावर अजून ‘नगर, नगर’ असाच पुकारा होतो.) थॉमस स्टीफन्स हा भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज मानला जातो. तो 1579 साली गोव्यात उतरला. पुढे त्याच्या देशबांधवांनी इथे येऊन काय काय केलं ते सर्वांना माहीत आहे. पण या पहिल्या इंग्रजानं वखार काढली नाही, सारा बसवला नाही, ओव्या लिहिल्या. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला छापून निघालं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं, आणि त्यात येशूच्या जन्माची कथा मराठीत आली. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून ते रोमी लिपीत छापावं लागलं, तेवढाच काय तो परकेपणा. जुनी पुराणं बंद झाली, आता आम्ही वाचावं काय, असा नवख्रिस्ती लोकांचा प्रश्न होता, त्याला हे उत्तर होतं. धर्म बदलला तरी पुराण ऐकायची सवय सुटेना, असा तो एकूण मामला. आणि ज्या ओवीला हा इंग्रज भुलला तिचा थोरला ग्रंथ, ज्ञानेश्वरी, 1290 साली आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला झालेला. डिकन्सची ‘कॅरोल’ आली 1843 च्या डिसेंबरात. म्हणजे मराठीतली नाताळची गोष्ट तिच्याहून सव्वादोनशे वर्षांनी थोरली. साहेबानं आपल्याकडे पाहून नाताळात पुस्तकं वाचायला सुरुवात केली असं मी म्हणत नाही. पण कोणी तसा दावा करायचा ठरवलाच तर तारखा त्याच्या बाजूनं आहेत.

गोवा लांब पडतो म्हणाल, तर करंजी घाट ओलांडून नगरला चला. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 पासून होतं, आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरहून निघालं 1842 साली, ‘कॅरोल’च्या आदल्याच वर्षी. राहुरी तालुक्यातल्या केंदळला फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 मध्ये ‘निरोप्या’ मासिक काढलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मुक्काम नगर-राहुरीला. ते पुढे ‘ज्ञानोदय’चे संपादक झाले, त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं आणि 1919 मध्ये ते अर्ध्यावर टाकून गेले. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. लग्न झालं तेव्हा ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या बाईंनी नवऱ्याचं महाकाव्य तडीला नेलं आणि वर ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिलं. मला विचाराल तर नगर जिल्ह्याचं नाताळचं पुस्तक हेच. नवऱ्याची, सोवळ्याची, धर्मांतराची आणि सगळ्यांत जास्त स्वतःची इतकी मनमोकळी चेष्टा मराठीत दुसरीकडे सापडणं कठीण, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. राहता राहिला फराळ. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळे, लाडू, चिवडा होतो. गोव्यात नेवऱ्या होतात, त्याही आतून करंज्याच. नगरहून नाताळ पाथर्डीकडे यायला निघाला तर भूगोलानुसारही त्याला वाटेत करंजी लागतेच.

सुट्टीचं म्हणाल तर जिल्हा परिषदेच्या शाळेला नाताळची सुट्टी म्हणजे 25 डिसेंबर, एक दिवस. टाय लावणाऱ्या शाळांना ती आठवडाभर मिळते आणि त्यांचे पालक त्या आठवड्यात मुलांना मोबाइलपासून सोडवत बसतात. पण या सुट्टीचा दुसऱ्याच कामासाठी उपयोग करून घेणं ही आपली जुनी कला आहे. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन मुंबईत 28 डिसेंबर 1885 ला भरलं, कारण नाताळात कोर्ट-कचेऱ्या बंद असत आणि वकील मंडळी मोकळी असत. ज्या सुट्टीत साहेबाचं राज्य घालवण्याची सुरुवात झाली, तिच्यात एखादी कादंबरी संपवायला हरकत कसली?

यापुढचा आक्षेप बाजाराचा. सणाला पुस्तक जोडणं ही दुकानदारांची युक्ती आहे, असं म्हणतात. आहेच. डिकन्सनं ‘कॅरोल’ लिहिली ती पैशाची चणचण होती म्हणूनही. पाच शिलिंग किंमत, सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत खपल्या, आणि पुस्तक दिसायला इतकं देखणं केलं होतं की खर्च वजा जाता, हजार पौंडांची आशा धरून बसलेल्या लेखकाच्या हाती दोनशे तीसच्या आसपास आले. आमच्या कांदेवाल्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. 1887 च्या ‘बीटन्स ख्रिसमस अॅन्युअल’मध्ये शेरलॉक होम्स पहिल्यांदा अवतरला, कॉनन डॉयलला त्या कथेचे सरसकट पंचवीस पौंड मिळाले. बाजारानं लेखकाला लुबाडलं, पण वाचकाला होम्स मिळाला. आइसलँडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरच्या मालावर निर्बंध होते, कागद मात्र मिळत होता. म्हणून लोक भेट म्हणून पुस्तकं देऊ लागले. पुढे तिथे नव्या पुस्तकांची यादी घरोघर फुकट पोचू लागली. आता 24 डिसेंबरच्या संध्याकाळी पुस्तकं वाटली जातात, आणि या हंगामाला ते लोक पुस्तकांचा पूर म्हणतात. चार लाखांच्या आतबाहेरचा देश तो. पर्जन्यछायेतल्या तालुक्यानं पूर म्हटला की पुस्तकांचा असला तरी हेवा करावा.

खरा वाचक बारा महिने वाचतो, हा आक्षेप मी फार वेळ घेत नाही. रोज पंढरीच्या वाटेवर असणारा वारकरीही असेल कुठे. बाकीच्यांना आषाढी लागते.

पण एक आक्षेप असा आहे की त्यावर विनोद सुचत नाही. नाताळच्या आठवड्यात पाथर्डी तालुक्यातली हजारो माणसं गावात नसतातच. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता फडात असतो, रात्री-बेरात्री गाडी भरायची असते. त्यांना लांब रात्रीचं आणि शेकोटीचं कौतुक सांगणं हे पोट भरलेल्या माणसाचं बोलणं झालं. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच तिथी एकच असावी असा हट्ट नाही. टोळी परतते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. त्या घरांची वाचनाची तिथी पाडव्याला किंवा अक्षय्यतृतीयेला धरावी, आणि ग्रंथालयानं दिवाळी अंकांचा एक गठ्ठा तेवढ्यासाठी राखून ठेवावा, रद्दीवाल्याला थोडं थांबवून. मागे राहिलेली मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असतात. त्यांच्यासाठी मात्र नाताळचाच आठवडा योग्य आहे, कारण आई-बाप लांब असताना संध्याकाळ फार मोठी होते. तिथे कोणीतरी रोज एक प्रकरण मोठ्यानं वाचावं. कोणी वाचावं हे गावानं ठरवावं, सप्ताहाच्या पंगती ज्या सहजतेनं वाटून घेतल्या जातात तसं.

राहता राहिली भेट. आपल्याकडे माणसाचा मान टॉवेल-टोपीनं होतो, फारच मोठा असेल तर शाल-श्रीफळानं. त्यातलं श्रीफळ निदान फोडता तरी येतं. पुस्तक दिलं की घेणारा आधी मागची किंमत बघतो आणि मग देणाऱ्याकडे बघतो. तरी माझा भरवसा आहेराच्या रूढीवर आहे. आलेला आहेर वहीत लिहिला जातो आणि तेवढ्याच तोलाचा परत करावा लागतो. त्यामुळे एका नाताळात दहा घरांत दहा पुस्तकं घुसवली, तर पुढच्या नाताळात दहा परत येणार, यातून सुटका नाही. त्यातली काही कागदही न उलगडता पुढच्या घरी रवाना होतील, हे गृहीत धरावं. तरी चार उंबरे फिरताना एखाद्या घरातलं रिकामटेकडं पोर कागद फाडून आत काय आहे ते बघणारच. आपण दिलेलं पुस्तक दोन वर्षांनी आपल्याच दारात येण्याची शक्यता धरून पहिल्या पानावर नाव मात्र घालू नये. पेन्सिलीनं तारीख टाकावी, 25 डिसेंबर, आणि साल कोरं ठेवावं.