तारेचं सोवळं

टीव्हीच्या पाठीतून निघून खिडकीच्या भोकातून बाहेर जाणारी काळी वायर वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असते, पण तिच्या पोटात काय आहे हे सोलल्याशिवाय कळत नाही. वरचं काळं आवरण ब्लेडने हलकेच गोल कापलं की रुपेरी तारांची बारीक जाळी लागते, जाळीखाली चकचकीत पन्नी, मग पांढराशुभ्र फोम, आणि या सगळ्या लवाजम्याच्या आत, धाबळी नेसलेल्या आजीसारखी, एकच तार. भोवती सगळ्यांनी घोटाळावं, शिवू मात्र नये. ऑलिव्हर हेवीसाइड या इंग्रज गृहस्थाने १८८० साली अशा वायरचं पेटंट घेतलं. स्वारी एकलकोंडी. माणसांपासून चार हात लांब राहणाऱ्याला असं अंतर सुचावं, हे मला फार साहजिक वाटतं.

वायरीच्या टोकाला कनेक्टर बसवायचा म्हणजे हे सोवळं सांभाळायचं. जाळी मागे दुमडायची, टोकाचा फोम सोलून तार उघडी करायची, उरलेल्या फोमला धक्का लावायचा नाही, कनेक्टर फिरवत फिरवत आत दाबायचा. फोम आतल्या कडेला भिडला आणि तार तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर डोकावली, की झालं. वेगळी पिन नसतेच. ती उघडी तारच पिन. पण जाळीतला केसाएवढा तंतू तिला शिवला, तर चित्र गुल. वायरीवर छापलेला ७५ ओहमचा आकडा तार आणि जाळी या दोघींच्या व्यासांच्या प्रमाणातून आणि मधल्या फोममधून येतो. जन्मभर शेजार आणि स्पर्श कधी नाही, अशा संसारातून आपल्या घरी बातम्या आल्या, क्रिकेट आलं.

१९९१च्या आखाती युद्धाच्या सुमारास गच्च्यांवर डिश अँटेनाच्या छत्र्या उगवल्या आणि नारळाच्या झावळ्यांतून, या इमारतीवरून त्या इमारतीवर वायरी झोके घेऊ लागल्या. आमच्याकडे येणारा केबलवाला पोरगा वायर दातांनीच सोलायचा. खरी आजी कळवळून म्हणायची, "अरे, दात आहेत ते, पक्कड नव्हे!" तो हसायचा, जाळी पिळायचा, आणि पडद्यावरच्या मुंग्या पांगून माणसं दिसायला लागायची. मग त्याला चहा मिळे, बशीत दोन बिस्किटं मिळत. सोवळ्यात असली तर आजी लांबूनच बशी सरकवी.

आता जोड ढिला झाला तर मुंग्या येत नाहीत. चित्राचे चौकोन होतात, नाहीतर 'सिग्नल नाही' अशी कोरडी पाटी येते. मुंग्यांतून निदान बातम्या ऐकू तरी यायच्या.

तेव्हा घरी जोड करायला बसाल तर एवढं करा: उजेडात बसा, जाळीचा तंतू न् तंतू मागे घ्या, आणि सोलायला हत्यार घ्या. कनेक्टर बिघडला तर दुसरा स्वस्तात मिळतो. दाताचं तसं नाही.