प्रोजेक्टची चावी कुणाच्या खिशात?

सॉफ्टवेअर कंपनीत नवी मुलगी रुजू होते. लॅपटॉप मिळतो, कोड उतरतो आणि विचारपूस सुरू होते. बिल्ड कसा करायचा? याला विचार. टेस्ट कशा चालवायच्या? तिला विचार, पण ती रजेवर आहे. मग जुन्या चॅटमध्ये कुणीतरी चिकटवलेली कमांड शोधायची. ती चालत नाही. शेजारचा म्हणतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' हिंजवडीत असो की बंगळुरूत, सॉफ्टवेअरमध्ये दिवस काढलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलं आहे.

मला हे अजिबात मान्य नाही. प्रोजेक्ट कसा बांधायचा, कसा तपासायचा, हे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच, साध्या टेक्स्ट फाइलीत लिहिलेलं असलं पाहिजे. एडिटरने ते वाचावं आणि चालवावं. ते ना एडिटरच्या पोटात दडावं, ना सीनिअरच्या डोक्यात.

ही मागणी जुनी आहे. 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. कुठली फाइल कशापासून तयार होते आणि त्यासाठी काय चालवायचं, हे मेकफाइलमध्ये नोंदवायचं. मेक फाइलींच्या वेळा ताडून पाहतं आणि गरज असेल तेवढंच पुन्हा बांधतं. आता हे ईमॅक्स या एडिटरमध्ये बघा. कंपाइल म्हटलं की 'मेक -के' ही कमांड आधीच भरलेली असते. एंटर दाबा, दुसऱ्या खिडकीत आउटपुट धावू लागतं. एरर आली की त्यातलं फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर ईमॅक्स ओळखतो. ऑल्ट-जी आणि मग एन दाबा, कर्सर थेट त्या ओळीवर. दुरुस्त करा, पुन्हा दाबा, पुढची एरर. विममध्ये हेच काम कोलन-मेक आणि कोलन-सीनेक्स्ट करतात. एडिटर दोन, मेकफाइल एकच. टीम अशी चालते.

उलट्या दिशेनेही प्रयत्न झाले. एरिक लुडलम यांचा सीडेट हा साधनसंच 2010 मध्ये ईमॅक्स 23.2 मध्ये सामील झाला. त्यातलं ईडीई प्रोजेक्टची नोंद 'प्रोजेक्ट डॉट ईडीई' फाइलीत ठेवायचं आणि त्यावरून मेकफाइल लिहून द्यायचं. काम मेहनतीचं आणि जाणकाराचं होतं. पण मूळ नोंद ईमॅक्सच्या बोलीत. विमवाला मेकफाइल चालवू शकत होता. नवं टार्गेट घालायचं तर ईमॅक्सवाल्याचं दार ठोठावायचं. चावी पुन्हा एकाच खिशात.

ईमॅक्समधलं नंतरचं प्रोजेक्ट डॉट ईएल हे पॅकेज म्हणूनच शहाणं. ते नोंदणी मागत नाही. वरच्या फोल्डरांत डॉट-गिट सापडलं की तिथून खालचं सगळं एक प्रोजेक्ट. कंट्रोल-एक्स पी, मग एफ म्हणजे फाइल, जी म्हणजे सगळ्या प्रोजेक्टभर शोध, सी म्हणजे कंपाइल.

एडिटर आणि भाषेचा जाणकार सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे ठरवणाऱ्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलनेही हेच शहाणपण दाखवलं. मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये रेड हॅट आणि कोडेन्व्हीसोबत तो मांडला. दहा एडिटर आणि वीस भाषा यांच्यात पूर्वी दोनशे जोडण्या लागल्या असत्या. आता तीस पुरतात. ईमॅक्स 29 मध्ये, 2023 साली, हा प्रोटोकॉल बोलणारं एग्लॉट हे पॅकेज आतच आलं. आणि सी प्लस प्लसचा सर्व्हर क्लँगडी प्रोजेक्टबद्दलची माहिती कुठून घेतो? सहसा कंपाइल कमांड्सच्या जेसन फाइलीतून. म्हणजे पुन्हा साधी टेक्स्ट फाइल.

व्हीएस कोडवाल्यांनीही कान टवकारावेत. डॉट-व्हीएसकोड फोल्डरमधली टास्क्सची फाइल टेक्स्टच असते, गिटमध्ये जाते, उत्तम. पण बिल्डची अख्खी कमांड दहा फ्लॅगांसकट तिथेच असेल आणि दुसरीकडे कुठेही नसेल, तर इतर एडिटरवाले उपाशी राहतात. टास्कमध्ये फक्त 'मेक टेस्ट' एवढंच लिहा. बाकीचं मेकफाइलला सांभाळू द्या.

कुणी म्हणेल, फोल्डरमधल्या फाइलीवरून कमांड चालवणं धोक्याचं आहे. आहेच. म्हणून तर ईमॅक्स फोल्डरच्या डॉट-डिर-लोकल्स फाइलीतल्या संशयास्पद सेटिंगबद्दल आधी विचारतो, आणि व्हीएस कोडने 2021 मध्ये 'या फोल्डरवर विश्वास आहे का' हा प्रश्न आणला. न वाचता 'हो' दाबू नका. फाइल उघडी असते, वाचता येते. सीनिअरचं डोकं तसं वाचता येत नाही.

मॅनेजर रोज सकाळी विचारतात, 'कुठवर आलं?' त्याऐवजी एकदा हे विचारा: कोऱ्या मशीनवर कोड उतरवला, तर एका कमांडमध्ये बांधला जातो का? दुसऱ्या एका कमांडमध्ये टेस्ट चालतात का? नसेल, तर आधी तेवढं करा. स्प्रिंटमध्ये याहून महत्त्वाचं काम नाही. आणि यापुढे जी कमांड नव्या माणसाला तोंडी सांगावी लागेल, ती बग म्हणून नोंदवा.