सहा महिन्यांत सिस्टर

कुंपणापलीकडच्या वहिनींकडे बातमी असली की त्या आधी कढीपत्ता मागतात. परवा मागितला, मिळाला, तरी तिथंच उभ्या. पौषातलं कोवळं ऊन होतं, माझ्यापुढे सोलायच्या वालांचं सूप होतं. म्हटलं, बोला.

विषय त्यांच्या पुतणीचा. नाणे मावळातली पोर, बारावी सायन्सला, यंदा परीक्षा. तिच्या वडिलांनी कुठल्याशा बाजारात बोर्ड पाहिला : सहा महिन्यांत नर्स व्हा, नोकरीची हमी. कुठला बाजार ते मी सांगत नाही, बोर्डवाल्याचं नावही नाही. असे बोर्ड काही एकाच बाजारात नसतात.

"सहा महिने, काकू! दिवाळीला पगार हातात. आणि आपल्या मास्तरांची थोरली बघा. चौथं वर्ष चाललंय पुण्यात, अजून सुटली नाही. नापास होते की काय?"

मास्तरांच्या थोरलीवर असा आळ मला सहन होईना. "अहो, बी.एस्सी. नर्सिंग असतंच चार वर्षांचं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा असते ती. चार वर्षं नको असतील तर जीएनएम तीन वर्षांचं, एएनएम दोन वर्षांचं. त्याहून लहान रस्ता नाही."

"एवढं काय शिकतात हो? सुई टोचायची, ताप बघायचा."

इथं मी सूप बाजूला ठेवलं. मास्तरांची थोरली सुट्टीला आली की माझ्याच ओट्यावर बसते, त्यामुळे मला बरीच माहिती आहे. पहिल्या वर्षी शरीररचना आणि रुग्ण पलंगावर असतानाच चादर बदलणं. हसू नका, ते करून बघा. पुढे सूक्ष्मजंतू, मेडिकल वॉर्ड, सर्जिकल वॉर्ड, लहान मुलं, मानसिक आजार, लेबर रूम आणि गावोगावचं पोस्टिंग. ठरावीक बाळंतपणं स्वतःच्या हातानं करायची आणि प्रत्येकाची केसबुकात नोंद करून वर सही घ्यायची. नाइट ड्यूटी संपवून लोकल पकडते, ती शिवाजीनगरला डोळे मिटते. बरं, आमचं लोणावळा शेवटचं स्टेशन, नाहीतर पोर झोपेत कर्जतला पोचली असती.

आणि सगळ्यात कडक नियम हजेरीचा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, हे वहिनींना पटलं. कॉलेजात तेवढं असतंच. पण पदवी हातात पडण्याआधी वॉर्डातल्या प्रात्यक्षिकाची हजेरी पूर्ण १०० टक्के भरावी लागते, तीही प्रत्येक विभागाची वेगळी. इकडच्या जादा ड्यूटीनं तिकडची भोकं बुजत नाहीत. गेल्या वैशाखात थोरली मामेबहिणीच्या हळदीला का आली नाही, यावर आळीत केवढी चर्चा झाली होती! गर्व झाला म्हणे पोरीला. गर्व कसला, तिची लेबर रूमची पोस्टिंग होती.

वहिनी जरा गप्प झाल्या, मग ठेवणीतला बाण काढला. त्यांचा धाकटा मोबाइलवर बरंच वाचतो. "ती नाइटिंगेलबाई, दिवा घेऊन फिरणारी, ती म्हणे जर्मनीत तीनच महिने शिकली होती. मग आमच्या पोरीला चार वर्षं कशाला?"

आता हे खरंच आहे. १८५१ साली कैसर्सवर्थला ती तीन महिनेच होती. पण त्याच बाईनं १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली, तेव्हा पोरींना एक वर्ष ठेवून घेतलं. स्वतःला जे मिळालं ते पुरेसं नाही, हे तिला कळलं असणार. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता, हे मी उगाच सांगून घेतलं. वहिनींचं माहेर पुण्याचं, जरा गार पडतात.

"पण काकू, लोकांची घाण काढायची..." आवाज खाली आला. खरी अडचण ही होती तर. हे बोलणं काही आजचं नाही. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं आणि चांगल्या घरच्या बायकांना, विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं, तेव्हाही कुंपणाकुंपणावर हेच चाललं असेल. मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानभाग आठवतात ना? १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. ४२ वर्षं तिथल्या सिस्टरांनी सांभाळलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. अंथरुणाला खिळलेल्याची पाठ शाबूत ठेवायची तर दर दोनेक तासांनी कूस बदलावी लागते, कातडी तपासावी लागते, पोटात नीट अन्न जावं लागतं. त्याला घाण काढणं म्हणायचं असेल तर म्हणा.

माझाही आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या गल्लीतली दूधवाली थांबून ऐकत होती.

मग मी मुद्द्यावर आले. सहा महिन्यांच्या कागदावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय ती पोरगी सिस्टर नाही. कुठल्याशा दवाखान्यात पांढरा कोट घालून मदतनीस म्हणून राबेल, पगारही तसाच. सरकारी भरतीच्या दारातही उभं करणार नाहीत. मदतनिसाचं काम वाईट नाही, पण मग बोर्डावर तसं लिहावं की. "दिरांना सांगा, फी भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा. कौन्सिलची मान्यता आहे का? आणि शिकायला १०० खाटांचं रुग्णालय कुठं आहे? दुसऱ्या प्रश्नाला नुसती वर्गखोली दाखवली तर पाया पडून परत या."

"आणि लग्न? बावीस वर्षांची होईल हो ती सुटेपर्यंत."

"होईल. चार वर्षं घरी बसली तरी बावीसचीच होईल."

वहिनी कढीपत्ता घेऊन आत गेल्या, रागातच. संध्याकाळी पुतणी मास्तरांच्या ओट्यावर दिसली, थोरलीच्या केसबुकात डोकं घालून. बी.एस्सी.च्या सीईटीचा अर्ज भरायचा तिनं ठरवलंय, फोटो काढून झाला, आधार कार्ड मिळालं, वडिलांना थोरलीच समजावणार आहे. वहिनींना यातलं काही ठाऊक नाही. तुम्हीही अर्ज भरून होईपर्यंत बोलू नका.