घोळका येतोय! रस्त्याकडेच्या नवख्या प्रेक्षकांसाठी सूचना

सर्वांत आधी मनाशी पक्कं करा, की तुम्हाला फारसं काही दिसणार नाही.

सपाट रस्त्यावर सायकलींचा घोळका ताशी 45 किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. शे-दीडशे सायकलस्वार एकमेकांना खेटून चालले असतील, तर घोळक्याची लांबी दीडशे-दोनशे मीटर धरा. भागाकार केला की उत्तर येतं बारा ते सोळा सेकंद. एवढ्यासाठी तुम्ही सकाळपासून उभे आहात, रस्ता बंद आहे, मोटारसायकल दोन चौक मागे लावून आलात आणि धाकट्याला नेमकी आत्ताच लघवीला लागली आहे. या हिशेबाने ज्याचं मन खट्टू होतं त्याने क्रिकेट बघावं. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

बारामतीकरांवर ही वेळ एकदा येऊन गेली आहे. 19 ते 23 जानेवारी 2026 या दिवसांत पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ झाली, एकूण 437 किलोमीटरची, आणि तिचा एक टप्पा पुरंदरमधून निघून बारामतीत संपला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या, म्हणजे यूसीआयच्या, वेळापत्रकात तिचा दर्जा 2.2. चारचौघांत हा आकडा निघाला तर सांगायचं, की पहिला दोन म्हणजे शर्यत एकापेक्षा जास्त दिवसांची आणि दुसरा दोन म्हणजे तिची पायरी. एवढं बोलून थांबावं. पुढचा प्रश्न यायच्या आत चहा सांगावा.

जागतिक अजिंक्यपद ही निराळी भानगड आहे, तिची गल्लत करू नका. त्यातली प्रत्येक शर्यत एका दिवसात उरकते. तिथे खेळाडू कंपनीच्या संघाकडून उतरत नाही, देशाकडून उतरतो. कानात रेडिओ नसतो, त्यामुळे मागच्या गाडीतून कोणी अक्कल शिकवत नाही. जिंकणाऱ्याला इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी मिळते आणि ती तो वर्षभर मिरवतो. 2025 साली ही स्पर्धा पहिल्यांदाच आफ्रिकेत, रवांडातल्या किगालीत झाली. पुरुषांची शर्यत 267.5 किलोमीटरची, सगळी चढउतारांची. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार शंभरेक किलोमीटर बाकी असतानाच सुटला आणि जिंकला. दीडशेहून जास्त निघाले होते, त्यातले जेमतेम तीस शेवटपर्यंत पोचले. किगालीच्या दगडी चढांवर माणसांच्या भिंती उभ्या होत्या. आपल्याकडची प्रतिक्रिया विचाराल तर ती तारीख होती 28 सप्टेंबर, रविवार. पोगाचार रेषा ओलांडत होता तेव्हा आपल्याकडे दिवेलागण होऊन गेली होती आणि रात्री आठला दुबईत भारत-पाकिस्तान आशिया कपची फायनल होती. तेव्हा बारामती-इंदापुरात पोगाचारची दखल कोणी घेतली नसेल तर त्याचा दोष एकट्या बारामती-इंदापूरला देता येत नाही.

आता जागा. परदेशी जाणकार सांगतात, चढावर उभं राहा. तिथे वेग मरतो, चेहरे दिसतात, कोण फुटला ते कळतं. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीतही मान ‘घाटाचा राजा’ला असतो तो काही उगाच नाही. पण घाट पुरंदरकरांकडे. बारामतीहून इंदापूरकडे जाताना चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. सपाटीवर पुढच्याच्या मागे लपून चालवणाऱ्याचे तीसेक टक्के कष्ट वाचतात, म्हणून शहाणा माणूस पुढे येतच नाही आणि सगळे एकगठ्ठा जातात. तेव्हा वळण निवडा. वळणावर ब्रेक लागतात, घोळक्याची माळ होते आणि तुमचे बारा सेकंद वीसवर जातात. मात्र वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहू नका. सायकल घसरली तर ती तिकडेच येते.

वाट कशी बघावी हे या भागाला कोणी शिकवायला नको. तुकोबांची पालखी दरवर्षी याच मुलखातून जाते: उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर. ऊन, पाऊस, चिखल, ‘रथ आला का?’, ‘नाही, अजून दिंड्याच चालल्यात’, हे सगळं इथल्या पोराच्या अंगात आपसूक मुरलेलं असतं. युरोपातल्या प्रेक्षकाला ही तयारी करायला खुर्च्या, छत्र्या आणि बिअर लागते. तुम्हाला फक्त काही सवयी एका दिवसापुरत्या घरी ठेवायच्या आहेत. काटेवाडीत पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात. सायकलवाल्यांसाठी घालू नयेत. तिथलं मेंढ्यांचं रिंगण बघण्यासारखं असतं, पण शर्यतीच्या दिवशी मेंढ्या वाड्यातच राहू द्याव्यात, कुत्री बांधून ठेवावीत. कोणाच्या पाया पडायला पुढे जाऊ नये. चालत्या सायकलवाल्याच्या हातात केळं, राजगिऱ्याचा लाडू किंवा चहाचा कप द्यायला धावू नये. भाव चांगला असला तरी त्याचा हात हँडलवरच हवा असतो. आणि घोळका पुढे गेला की त्याच्या मागे चालू लागू नये.

यानंतरची सूचना मोबाईलवाल्यांसाठी आहे, म्हणजे सगळ्यांसाठी. 26 जून 2021 रोजी, टूर द फ्रान्सच्या पहिल्याच दिवशी, एक बाई रस्त्यात पुठ्ठ्याची पाटी धरून उभी होती. पाटीवर आजी-आजोबांसाठी दोन शब्द लिहिले होते. ते टीव्हीवर दिसावेत म्हणून तिचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि पाठ घोळक्याकडे होती. टोनी मार्टिन नावाचा जर्मन खेळाडू पाटीला धडकला, त्याच्यावर मागचे आणि त्यांच्यावर त्यांच्या मागचे. पुढे कोर्टाने तिला 1,200 युरो दंड केला. सेल्फी काढणाऱ्याची पाठही घोळक्याकडेच असते, हे ध्यानात घ्या. शिवाय अरुंद रस्ता आणि मोठा घोळका यांचं काय होतं ते पुणे ग्रँड टूरच्या पहिल्या टप्प्यातल्या पडापडीत सगळ्यांनी पाहिलं. पुढे एक पडला की मागच्याला थांबायला जागा नसते. तुमचा हात कडेच्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत गेला, तर तो एक पाडणारे तुम्हीच असाल.

नवख्याची ठरलेली फजिती टाळ्यांची. आधी पोलिसांची गाडी येते, सगळे टाळ्या वाजवतात. मग दिवे लावलेल्या मोटारसायकली, पुन्हा टाळ्या. मग एक मोटार, टपावर भोंगा. तोवर पोरं घसा बसवून बसलेली असतात. आणि मग

“अप्पा, आलं, आलं!”

“कुठंय रं?”

“गेलं बी.”

“आरं, मी तंबाखू मळत होतो.”

अप्पांनी निराश व्हायचं कारण नाही. मागून टपावर सायकली टांगलेल्या संघांच्या गाड्या येतात, रुग्णवाहिका येते आणि त्यांच्यामध्ये एकटे-दुकटे मागे पडलेले येतात. खरी बघण्यासारखी माणसं ती. तोंडावर मीठ सुकलेलं, मान खाली, पाय यंत्रासारखे. पुढच्या घोळक्याला तुमचा आवाज ऐकू येत नाही, यांना येतो. तेव्हा घसा यांच्यासाठी राखून ठेवा. काय ओरडायचं याचा फार विचार करू नये. नाव ठाऊक नसतं, देश ओळखू येत नाही. “चल रे गड्या”, “ओढ पाव्हणं”, “हाण हाण हाण” यांतलं काहीही चालतं. मंगोलियाच्या माणसालाही सूर कळतो. फक्त “राहिलंय थोडंच” असं म्हणू नये. किती राहिलंय हे त्याला तुमच्यापेक्षा नेमकं माहीत असतं आणि ते थोडं नसतं.

बाटलीबद्दल दोन शब्द. सायकलवाले रिकामी बाटली रस्त्याकडेला टाकतात आणि प्रेक्षक तिच्यावर झडप घालतात. 2021 मध्ये यूसीआयने कचऱ्याच्या कारणाने यावर बंदी आणली. लगेच एप्रिलमध्ये, टूर ऑफ फ्लँडर्समध्ये, प्रेक्षकांकडे बाटली टाकली म्हणून मिखाएल शेअर या स्विस खेळाडूला शर्यतीतूनच काढलं. त्यावर खेळाडू आणि चाहते इतके भडकले, की त्याच महिन्यात नियम सैल करावा लागला. तेव्हा बाटली मिळाली तर खुशाल घ्या, घोळका पूर्ण गेल्यावर. घरी नेऊन तिच्यात पाणी भरून फ्रिजमध्ये ठेवायची की शोकेसमध्ये, हा वाद तुमच्या घरातला. माझं मत शोकेसच्या बाजूने आहे, पण आधी धुऊन घ्या.

कोण जिंकलं? हा प्रश्न विचारू नये, कारण त्याला दोन उत्तरं असतात आणि बैलगाडा शर्यतीच्या शौकिनाला दोन्ही पटत नाहीत. टप्पा एक जण जिंकतो आणि शर्यत दुसराच जिंकू शकतो, कारण शर्यतीत सगळ्या दिवसांचा वेळ एकत्र मोजतात. त्यात आणखी एक चमत्कारिक नियम: घोळका एकत्र आला तर त्यातल्या सगळ्यांना सारखाच वेळ देतात, मग कोणी पाचवा असो की पंचाहत्तरावा. बैलगाड्यांच्या घाटातली बारी सेकंदाच्या तुकड्यांवर मोजणाऱ्याला हे सांगून पाहा. “म्हणजे मागच्याला फुकटात?” होय तात्या, फुकटात. पुणे ग्रँड टूरची एकूण शर्यत न्यूझीलंडच्या ल्यूक मडग्वेने जिंकली, हे पाठ असावं. एवढ्यावर चावडीवर वर्षभर निभतं.

मडग्वेचं नाव विसरलं तरी एक विषय मात्र तुम्हाला तोंडपाठ आहे: रस्ता. बोर्दोत प्रेक्षक गिअरवर बोलतो, बारामतीत डांबरावर. शर्यतीच्या आधी काय होतं, नंतर काय झालं, कुठला गतिरोधक रातोरात गेला, तो परत कधी येणार, आपल्या वस्तीवरून मार्ग का नेला नाही, यावर माहिती असो नसो, बोलावं. हीच अस्सल स्थानिक प्रतिक्रिया आणि तिच्यात तुम्हाला कोणी बेल्जियन हरवू शकत नाही. जानेवारी म्हणजे गळिताचा हंगाम. भवानीनगर किंवा माळेगावच्या कारखान्याकडे निघालेला, दोन ट्रेलर जोडलेला, मोठ्याने गाणी वाजवणारा उसाचा ट्रॅक्टर त्याच गुळगुळीत रस्त्यावर दुसऱ्या दिवशी हजर होतो. त्याच्या मागे अर्धा तास अडकल्यावर, पुढच्याच्या आडोशाला राहून तीसेक टक्के कष्ट कसे वाचतात, हे बायकोला समजावून सांगायला निवांत वेळ मिळतो. ती ऐकेलच असं नाही.

इंदापूरकरांसाठी वेगळी टीप. शर्यत तुमच्या दारावरून गेली नाही तर रुसून बसू नका. बारामती लांब नाही. सकाळी निघा, पण परतताना भिगवणला मासे खायचे ठरवले असतील तर ते आधी कोणाला सांगू नका, नाहीतर गाडीत शर्यत बघायला येणाऱ्यांपेक्षा मासे खायला येणारेच जास्त भरतील. हुरड्याचं आमंत्रण असेल तर संध्याकाळचं घ्या. दुपारी बंद रस्ता कधी सुटेल ते पोलिसांनाही नेमकं सांगता येत नाही.

रात्री व्हिडिओ येतील. गावच्या ग्रुपवर तोच बारा सेकंदांचा तुकडा नऊ जण नऊ कोपऱ्यांतून टाकतील, आणि प्रत्येकाच्या तुकड्यात सायकली कमी आणि पुढच्याचं डोकं जास्त असेल. नीट बघा. चौथ्या व्हिडिओत, पोलिसाच्या काठीमागे, तुमचं कोपर दिसलं तर थांबवून तेवढाच फोटो काढा, त्यावर लाल गोल करा आणि स्टेटसला लावा: ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सहभाग’. मेव्हण्याचा फोन येईलच.