वलगावातील कुटुंबसाठा आणि त्याच्या तीन प्रती

कुटुंबाचे फोटो, कागदपत्रे आणि चित्रफिती घरातल्याच एका लहानशा पेटीत साठवून त्या घरच्या वायफायवरून सर्वांना खुल्या करून देणारे जे यंत्र, त्यास ‘नॅस’ म्हणतात. ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’ या नावाचे ते लघुरूप असून दोन किंवा चार हार्ड डिस्क, बेताचा प्रोसेसर आणि मागच्या बाजूस लॅनची तार एवढाच त्या पेटीचा संसार असतो. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वलगावात अशा पेटीची चर्चा का निघावी, याचे कारण शोधू गेल्यास ते १ जून २०२१ या तारखेपाशी सापडते, कारण त्या दिवसापासून गूगलने फोटोंची अमर्याद फुकट साठवण थांबवली आणि मेल, ड्राइव्ह व फोटो या तिघांना मिळून १५ जीबीच्या एकाच खोलीत नांदण्यास सांगितले. तीन भावांच्या एकत्र कुटुंबाने एका खोलीत कसे नांदावे, हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही आणि त्याचे उत्तरही ठरलेले आहे: वेगळे घर बांधावे. पेटीची कल्पना याच न्यायाने निघते.

या नियोजनाला एक ऐतिहासिक अडचण आहे. याच वलगावाजवळ, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि जवळ एक गाडगे एवढ्या साठवणक्षमतेवर ज्यांनी अवघा महाराष्ट्र पालथा घातला, त्यांच्या शेवटच्या प्रवासाच्या वाटेवर आज चार टीबी पुरतील की आठ घ्यावेत यावर घरे विभागली जावीत, ही विसंगती अभ्यासकाने नोंदवावी आणि पुढे सरकावे, कारण चर्चेत बाबांचे नाव निघाले की आधी झाडून काढण्याचा मुद्दा येतो आणि स्वतःच्या फोनमधले फोटो झाडायला घरातले कोणीही तयार नसते.

साठवायचे काय, याची पाहणी केली असता सामग्रीचे थर दिसतात. सर्वांत खाली सातबारा, आठ-अ, फेरफार आणि खरेदीखत यांची छायाचित्रे असतात, ती थोडी आणि मोलाची. त्यावर अतिवृष्टीत बुडालेल्या सोयाबीनचे आणि गळून पडलेल्या संत्र्यांचे फोटो असतात, कारण २०२५ च्या खरिपापूर्वी पीक विम्यासाठी नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागे आणि पुरावा हाताशी असलेला बरा. त्यावर लग्नांचे शूटिंग येते, ज्यात वरमाला पडायला दोन मिनिटे आणि जेवणाच्या पंगती दाखवायला पाऊण तास लागलेला असतो. सर्वांत वर, गाळाच्या जमिनीसारखा रोज वाढणारा, ‘सुप्रभात’ या मजकुराच्या गुलाबांचा थर असतो. हा थर ठेवू नये असे कोणताही जाणकार सांगेल. परंतु ते गुलाब घरातील ज्येष्ठ काकाजींना आलेले असतात आणि पेटीचे पैसेही काकाजीच देणार असतात, त्यामुळे ते ठेवले जातात.

काकाजींचा पहिला आक्षेप क्षमतेविषयी असतो. चार टीबीची म्हणून घेतलेली डिस्क संगणकाला जोडली की पडद्यावर ३.६३ एवढाच आकडा येतो. बनवणारा हजाराच्या पटीने मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीने, त्यामुळे माल तेवढाच असूनही आकडा उतरतो. हे स्पष्टीकरण शास्त्रशुद्ध आहे, पण बाजार समितीत कापसाच्या मापात कटती सोसलेल्या माणसापुढे ते मांडणे धोक्याचे ठरते. “म्हंजे इथंबी कटतीच हाय नं बाप्पा,” असा अभिप्राय येतो आणि तो खोडता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दोन डिस्कांवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिण्याची जी पद्धत, तिला ‘रेड’ या अनेक डिस्क एकत्र जुंपण्याच्या योजनेतील आरसा-रचना म्हणतात; १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या निबंधातून ‘रेड’ची कल्पना प्रसिद्धीस आली. या रचनेत एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालते, मात्र चार आणि चार टीबी घेऊन हाती चारच लागतात. “आठाचे पैसे देऊन चार कायले घ्याव?” हा प्रश्न व्यवहाराला धरून आहे. त्याहून वाईट बातमी अशी की एवढे करूनही ती बॅकअप ठरत नाही, कारण नातवाने चुकून फोटोंचा फोल्डर पुसला तर आरशातूनही तो त्याच क्षणी पुसला जातो. आरसा मरणापासून वाचवतो, मूर्खपणापासून वाचवत नाही. त्यासाठी पेटी ‘स्नॅपशॉट’ घेते, म्हणजे ठरावीक वेळी साठ्याची जशी स्थिती होती तशी गोठवून ठेवते, आणि नंतर पुसलेलेही त्या वेळच्या स्थितीतून परत काढून देते.

प्रतींच्या बाबतीत मात्र वऱ्हाडाला बाहेरून कोणी येऊन शिकवावे अशी स्थिती नाही. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ‘३-२-१’ हा नियम आज सर्वत्र सांगितला जातो: प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यातली एक घराबाहेर असावी. याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून जमवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव परंपरा सांगते की पुढे एका धाडीत मूळ पोथी गेली. परंतु ग्रंथ ज्यांना मुखोद्गत होता त्यांनी तो आठवून पुन्हा उभा केला. नियमाच्या भाषेत सांगायचे तर पहिले माध्यम पोथी होते आणि दुसरे माणसांची स्मृती, आणि दुसऱ्यावरून साठा परत मिळवला गेला. परतीच्या वाटेवर तो एकाचा अनेक झाला, म्हणजे ग्रंथाचे वेगवेगळे पाठ निर्माण झाले आणि त्यांतला मूळच्या जवळचा कोणता हे ठरवण्यात नंतरच्या संशोधकांच्या हयाती गेल्या.

कुटुंबसाठ्यात हीच अवस्था पाच मिनिटांत येते. धाकटीच्या साखरपुड्याचा एकच फोटो सात फोनांवरून पेटीत येतो. फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा, ज्याला ‘हॅश’ म्हणतात, तो ताडून जुळ्या फाइली वगळण्याची सोय पेटीत असते. पण व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना तो आकसून टाकत असल्याने मूळ फोटो आणि पाठवलेला फोटो यांचे ठसे जुळत नाहीत. शिवाय एका पाठात वन्संनी स्वतःचा चेहरा उजळून घेतलेला असतो आणि दुसऱ्यात शेजारी उभ्या जावेला कापलेले असते. यंत्राच्या दृष्टीने हे निरनिराळे दस्तऐवज होत. चिकित्सक आवृत्ती काढण्याचे धैर्य कोणी करत नाही, आणि सातही पाठ ठेवले जातात.

पेटी कोठे ठेवावी याचा निर्णय हवामान घेते. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि हार्ड डिस्कची सोसण्याची मर्यादा साधारण ६० अंशांची असली तरी बंद कपाटात ती स्वतःच्या उष्णतेने तेथवर पोहोचू शकते. कूलरसमोर ठेवावी, तर खसाच्या ताट्यांतून येणारी ओली हवा धातूला मानवत नाही. माळ्यावर ठेवावी, तर लॅनच्या तारेवर उंदीर. उरते देवघराशेजारची भिंत, जिथे हवा खेळती असते आणि मुले चपला घालून जात नाहीत. वीज अचानक जाऊन लिहिणे अर्धवट राहू नये म्हणून यूपीएस लागतो. तो पेटीला निरोप देतो आणि बॅटरी संपण्याआधी पेटी शिस्तीत बंद होते. खर्चाचे म्हणाल तर २० वॅटची पेटी अहोरात्र चालली तरी महिन्याला चौदा-साडेचौदा युनिटे होतात. तरीही बिल वाढले की घरातले बोट कूलरकडे न जाता देवघराशेजारी जाते.

घराबाहेरची प्रत अकोल्याच्या आत्याबाईंकडे ठेवावी, यावर लवकर एकमत होते. ती इंटरनेटवरून पाठवावी असे शिकलेल्या पिढीचे म्हणणे असते. परंतु घरच्या जोडणीवरून सेकंदाला २० मेगाबिट या गतीने चार टीबी चढवायला अखंड साडेअठरा दिवस लागतात, आणि तेही तार न तुटल्यास. उलट तीच डिस्क टॉवेलात गुंडाळून एसटीने निघाली आणि अमरावतीला गाडी बदलून चार तासांत अकोल्यास पोहोचली, तर गती सेकंदाला दोन गिगाबिटांहून अधिक भरते. वऱ्हाडातील सर्वांत वेगवान ब्रॉडबँड लाल रंगाचे असून त्यात ज्येष्ठांना सवलत मिळते, हा निष्कर्ष गणिताने सिद्ध होतो. पहिली भरलेली प्रत बसने आणि नंतरची रोजची भर तारेने, हा मध्यम मार्ग तंत्रज्ञांनाही मान्य आहे.

प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवायची म्हणजे ती कुलूपबंद हवी. किल्लीवाचून निरर्थक वाटेल अशा रूपात मजकूर बदलण्याच्या या क्रियेस कूटबद्धता म्हणतात. महानुभावांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या करून हेच साधले होते, आणि ते इतके चांगले साधले की पंथाबाहेर त्या पोथ्या शतकानुशतके कोणाला वाचता आल्या नाहीत. सकळ लिपी उलगडायला इतिहासाचार्य राजवाडे यांना बसावे लागले. कुटुंबाचा पासवर्ड हरवल्यास राजवाडे मिळणे कठीण, हे ओळखून तो दोन ठिकाणी कागदावर लिहून ठेवणे शहाणपणाचे. पहिला कागद खरेदीखताच्या पिशवीत जातो. दुसरा कोणत्या सुनेकडे असावा, हा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

शेवटी चाचणी. साठा परत काढून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असे मानू नये, हे शास्त्र आहे, आणि त्यासाठी जुन्या लग्नाची चित्रफीत सर्वांत सोयीची, कारण मांडवात कोण कोठे उभे होते हे घरातील प्रत्येकास पाठ असते आणि एक चौकट गहाळ झाली तरी आरडाओरडा होतो. मात्र अशा चित्रफितीत मामाजी रुसून पंगतीतून उठले तो प्रसंगही हमखास निघतो, जो विसरण्याचे दोन्ही घरांनी कधीचेच ठरवलेले असते. मग तेवढा भाग खोडावा असा अर्ज येतो. वलगावच्या पेटीतून तो खोडता येतो, खटपट केल्यास जुन्या स्नॅपशॉटांतूनही काढता येतो. पण अकोल्याच्या प्रतीसाठी आत्याबाईंची संमती लागते, आणि मामाजी ज्यांच्या एका वाक्यावरून उठले होते त्या आत्याबाईच असल्यामुळे, तसेच ते वाक्य बरोबरच होते असे त्यांचे आजही मत असल्यामुळे, ती प्रत जशीच्या तशी राहते.