पाटी नको, चुना पाठवा

मराठ्यांच्या भीतीने 1742 साली कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. तो बुजला, पण बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अजून आहे. तिथून शोभाबाजारकडे पायी निघा. वाटेत कुठेतरी पालिकेची पाटी दिसतेच: ‘बिपज्जनक बाडी’, धोकादायक घर. पाटीखालच्या दारातून माणसांची ये-जा चालू असते, वर कपडे वाळत असतात आणि कठड्याच्या फटीतून पिंपळ पुरुषभर उंच झालेला असतो. तो पिंपळ वीतभर होता तेव्हा एक शिडी आणि एक माणूस पुरला असता. त्या वेळी कोणी फिरकलं नाही. आता पाटी आली, आणि पाटी ठोकली की जबाबदारी संपली, असं पालिकेने ठरवलंय.

हे शहर भाजतंय आणि बुडतंयही. 1950 ते 2018 या काळात कोलकात्याचं तापमान 2.6 अंशांनी वाढल्याची नोंद हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालात आहे. मे 2020 मध्ये अम्फान चक्रीवादळ आलं. सप्टेंबर 2025 मध्ये ऐन दुर्गापूजेच्या तोंडावर एका दिवसात 250 मिलिमीटर पाऊस कोसळला. असल्या हवेत तगणारी घरं या शहरात आधीपासून उभी आहेत, आणि नेमकी तीच आपण पाडतोय.

या घरांची हिरवी ‘खडखडी’ बघा, म्हणजे झिलमिलीची खिडकी. आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या, आणि सगळ्या मधल्या एका उभ्या काठीला जोडलेल्या. काठी दोन बोटं वर-खाली केली की ऊन अडतं, पावसाची झड अडते, वारा मात्र आत येतो. वीज गेली तरी खिडकीचं काम चालूच. मधोमध उठोन, आपल्या वाड्यातल्या चौकासारखा; गरम हवा तिथून वर निघून जाते. छतावर ‘जलछाद’: विटांचे तुकडे, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, आणि चुना यांचा थर, मजुरांनी ओळीने बसून दिवसचे दिवस चोपलेला. त्या चोपण्याच्या तालावर रचलेली गाणी बंगालीत आहेत, ‘छाद पेटानोर गान’. आपला चुन्याचा कोबा याच जातीचा.

आता हे छत गळायला लागलं की वरून सिमेंट थापतात. इथेच घर मरतं. चुन्याचं बांधकाम पाणी पितं आणि उन्हात ते सोडून देतं. सिमेंटचा गिलावा ती ओल आत कोंडतो. मग क्षार वर येतात, पोपडे सुटतात. बंगाली माणूस म्हणतो ‘नोना धोरेछे’, आपण म्हणतो लोणा लागला. रोग एक, नावही जवळपास एक. पुढे ओल लोखंडी तुळईपर्यंत पोचते, गंज फुगतो आणि छताचा तुकडा खाली येतो. पाऊस वाढला की हे सगळं आणखी वेगाने होणार, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा?

या घरांचं भाडं जुनं, वारसदार दहा ठिकाणी, कोर्टात खटला. डागडुजी करायची कोणी? मग घर पाडायला प्रमोटर, म्हणजे बिल्डर, येतो.

वारसा यादीत नाव असलं म्हणून घर वाचतं असंही नाही. लिटल रसेल स्ट्रीटच्या जुन्या केनिलवर्थ हॉटेलची वारसा-श्रेणी पालिकेनेच उतरवली आणि इमारत पाडली गेली. 1833 ची करन्सी बिल्डिंग सरकारी खात्यानेच 1996 मध्ये तोडायला घेतली होती. मधल्या दालनाचे घुमट गेले, उरलेली इमारत लोकांनी आणि पुरातत्त्व खात्याने वाचवली, 2020 मध्ये ती पुन्हा उघडली. ती डलहौसी स्क्वेअरवरची देखणी इमारत होती, म्हणून वाचली. गल्लीतल्या लाल फरशीच्या, ओट्याच्या साध्या घराला कोण वाचवणार? लेखक अमित चौधुरी 2015 पासून याच घरांसाठी भांडताहेत, आणि ते बरोबर आहेत.

पालिकेकडे माझं मागणं छोटं आहे. कोलकात्यात पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. त्याआधी, चैत्र-वैशाखातच, पाटी लावलेल्या प्रत्येक घराच्या गच्चीवर चुन्याचं काम जाणणारा एक मिस्त्री चढवा. पन्हळी मोकळ्या करा, पिंपळ मुळासकट काढा, फटी चुना-सुरखीने भरा. खर्च पालिकेने करावा आणि मालकांचे खटले निकाली निघाले की वसूल करावा. असे मिस्त्री आता थोडेच उरलेत. त्यांच्या हाताखाली आजच पोरं द्या.