मुंबईबाहेरचे गुण

दादर-माहीमच्या पट्ट्यातल्या सोसायट्यांमध्ये गणपतीत एक क्विझमास्तर हमखास उगवतो. गृहस्थ बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो. तरुणपणी कधीतरी बँकेच्या संघाबरोबर टाइम्स शील्डला बारावा गडी म्हणून गेलेला असतो आणि तेवढ्या भांडवलावर उरलेलं आयुष्य काढतो. त्याच्याकडे प्रश्नांची एक लांबट वही असते. बझरच्या जागी स्टीलचा पेला आणि चमचा असतो. आणि पावसाळ्यात कांगा लीग जिथे खेळली जात नाही तो प्रदेश नकाशात असला तरी क्रीडाविश्वात नाही, अशी त्याची निष्पाप समजूत असते.

आमचे मास्तर याच जातकुळीतले. लबाडी त्यांच्या अंगात मुळीच नाही. उलट, कोणालाही उत्तर फोडत नाहीत, सख्ख्या पुतण्यालाही अर्धा गुण जास्त देत नाहीत. घोळ होतो तो सोपं काय नि अवघड काय हे ठरवताना. पहिली फेरी ‘वॉर्म-अप’. “1988च्या हॅरिस शील्डमधली सचिन-कांबळीची 664ची भागी. दोघांत जास्त धावा कोणाच्या?” आमच्याकडची शेंबडी पोरंसुद्धा चमचा वाजवून “कांबळी, 349!” म्हणतात. पुढचा प्रश्न, एकही कसोटी न खेळता प्रथम श्रेणीत 589 बळी कोणी घेतले? शिवलकरांचं नाव निघताच दोन आजोबा डोळे पुसतात. इतकं झाल्यावर मास्तर प्रेक्षकांकडे वळून म्हणतात, “हे तर काय, जगाला माहीत आहे.”

हे जग उत्तरेला माटुंग्याच्या जिमखान्यापाशी आणि दक्षिणेला आझाद मैदानापाशी संपतं. ठाण्याला त्यात पाहुण्याचा दर्जा आहे.

गेल्या काही वर्षांत सोसायटीत भाडेकरू वाढले आणि मास्तरांच्या जगाला तडे जाऊ लागले. पहिला तडा कोल्हापूरकरांनी दिला. (मास्तर माणसं गावावरून लक्षात ठेवतात, आडनाव फक्त मुंबईकरांना.) चार फेऱ्या निमूट बसून झाल्यावर ते उठले.

“मास्तर, कुस्तीचं एक तरी इचारा की वो.”

“कुस्ती? अहो, हे क्रीडा-क्विझ आहे.”

“आन् कुस्ती काय भजन हाय व्हय?”

मास्तरांनी वही चाळली. खाशाबा जाधव निघाले, पण ‘सामान्य ज्ञान’ या सदरात, पिन कोडच्या प्रश्नाखाली. हेलसिंकीत 1952 साली स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा गोळेश्वरचा मल्ल टपाल खात्याच्या शेजारी बसवलेला पाहून कोल्हापूरकरांनी पेला इतक्या जोरात वाजवला की त्याला पोचा पडला. तो अजून आहे.

मग क्रिकेटचंच विचारा म्हणाले, आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांचं विचारा. यावर मास्तर म्हणाले, “ते फार अवघड होईल हो पब्लिकला.” आता पाहा. 1948च्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनचे 452 फक्त नऊ धावांवर. आणि विक्रमाच्या उंबऱ्यावर काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. रणजी स्पर्धेतली ती आजही सर्वोच्च खेळी, आणि त्या माणसाला एकही कसोटी मिळाली नाही. शिवलकरांसाठी डोळे पुसणाऱ्या आजोबांना इथे हातरुमाल कमी पडायला हवा होता. पण निंबाळकर पडले कोल्हापूरचे आणि खेळत होते महाराष्ट्राकडून, म्हणून ते अवघड.

नागपूरच्या मुलाचं प्रकरण जास्त नाजूक होतं, कारण तो रणजीबद्दलच बोलत होता आणि रणजी म्हणजे मास्तरांचं देवघर. 1958-59पासून सलग पंधरा वर्षं मुंबईच विजेती, हा त्यांचा आरतीसारखा पाठ. मार्च 2024मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून मुंबईने बेचाळिसावं विजेतेपद घेतलं, त्यावर मास्तरांनी एकाच संध्याकाळी तीन प्रश्न काढले. मुलाने शांतपणे हात वर केला. “काका, पुढच्या वर्षीच्या सेमीफायनलचं पण विचारा ना. आम्ही तुम्हाला ऐंशी रनांनी हरवलं, अन् मग ट्रॉफी पण नेली.”

“ते अभ्यासक्रमात नाही,” मास्तर म्हणाले.

बीडचा अविनाश साबळे तर नुसत्या गावाच्या नावाने बाद झाला. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य जिंकणारा हा धावपटू मांडव्याचा, असं कोणीतरी सांगताच मास्तर खुलले. “मांडवा? म्हणजे अलिबागच्या लाँचचं? आपलाच की!” ते मांडवा आष्टी तालुक्यातलं, तिथे लाँच जात नाही, हे कळल्यावर प्रश्न मागे घेण्यात आला.

मास्तरांची खरी प्रतिभा मात्र माणसं मुंबईत आणण्यात दिसते. स्मृती मानधना सांगलीची, असं सांगलीकर वहिनी म्हणाल्या, तेव्हा ते ताडकन उत्तरले, “जन्म मुंबईचा. जन्म महत्त्वाचा.” पाठोपाठ नागपूरकराने रोहित शर्माचा जन्म नागपूरच्या बनसोडचा असल्याची आठवण दिली. मास्तर म्हणाले, “जन्माला काय घेऊन बसलात? माणूस घडला कुठे ते पाहा.” या दुधारी नियमाखाली संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा रहाणे, सोलापुरात जन्मलेले उम्रीगर आणि मडगावचे दिलीप सरदेसाई हे सगळे मुंबईचे होऊन बसलेत. 1971च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात गावसकरांच्या 774 आणि सरदेसाईंच्या 642 मिळून 1416 धावा झाल्या; गोव्याच्या खात्यात त्यांतली एकही जमा नाही. श्रीरामपूरच्या झहीर खानची सुनावणी अजून चालू आहे.

मला विचाराल तर यात मास्तरांचा फारसा दोष नाही. कोल्हापूरकरांच्या हाती वही दिली असती तर शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ भिडले तेव्हा गोल कोणी मारला, हाच त्यांचा वॉर्म-अप झाला असता आणि सचिन अवघडात गेला असता. फरक इतकाच की कोल्हापूरकर त्या फेरीला कोल्हापूरची फेरी म्हणाले असते. मास्तर आपल्या फेरीला ‘अखिल भारतीय’ म्हणतात.

यंदा मंडळाच्या बैठकीत रीतसर तक्रार झाली. मास्तर दुखावले, दोन दिवस कट्ट्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने लिहिलेला फलक घेऊन आले : ‘विशेष फेरी – मुंबईबाहेरचा महाराष्ट्र’. टाळ्या पडल्या. सांगलीकर वहिनींनी साडी बदलून पुढची खुर्ची धरली. कोल्हापूरकरांनी पोचा पडलेला पेला मुद्दाम मागून घेतला.

पहिला प्रश्न खरंच निंबाळकरांवर होता. “443 करताना निंबाळकरांनी रणजीतला नाबाद 359चा विक्रम मोडला. तो कोणत्या मुंबईकराचा?” विजय मर्चंट. गुण दादरच्या संघाला. त्या 359 धावा महाराष्ट्राच्याच गोलंदाजीवर काढलेल्या होत्या, ही पुरवणी मास्तरांनी फुकट दिली.

दुसरा प्रश्न राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेवर. पॅरिस, 2024, नेमबाजीचं कांस्य. कोल्हापूरकरांचा चमचा हवेतच होता.

“स्वप्नील ज्या मध्य रेल्वेत नोकरीला आहे,” मास्तर सावकाश म्हणाले, “तिचं मुख्यालय कोणत्या स्थानकात?”